चौथा उद्गार

मावशी, सप्रेम सलाम.

मी शरणपूर रोडला राहते, वय ३८. आमची चौथी पिढी याच ख्रिस्ती मंडळीत आहे. माझा धाकटा भाऊ २९ वर्षांचा होता. दीड वर्षापूर्वी सातपूरहून रात्रपाळी संपवून घरी येताना, त्र्यंबक रोडवर अंधारात दिवे न लावता उभ्या केलेल्या एका डंपरवर त्याची मोटारसायकल आदळली. जागच्या जागी गेला. मागे वहिनी आणि तीन वर्षांची लेक आहे.

यंदा पाळकसाहेबांनी उत्तम शुक्रवारच्या (गुड फ्रायडेच्या) तीन तासांच्या उपासनेत, येशूनं वधस्तंभावरून काढलेल्या सात उद्गारांपैकी चौथा मला बोलायला दिला आहे. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" नाही म्हणवत नाही आणि हो म्हणायची लाज वाटते, कारण मी अजून देवावर रागावलेली आहे. दीड वर्षात मी मनापासून एकदाही प्रार्थना केलेली नाही.

मामेभाऊ पुण्याला सेमिनरीत शिकतो. तो म्हणाला, मोल्टमान हे जर्मन धर्मपंडित वाच, क्रुसावर खुद्द देव दुःख भोगतो. हे मी जेवताना पप्पांसमोर बोलले. पप्पा वीस वर्षं मंडळीचे पंच होते. ते ताटावरून उठले आणि म्हणाले, "देव निर्विकार आहे. दुःख भोगलं ते येशूच्या मानवी देहानं. देवबापच रडायला लागला तर जग कोण चालवणार?" तेव्हापासून घरात हा विषय बंद आहे. शिवाय आम्ही अपघाताचा दावा लावलाय, तो मागे घ्या असा त्यांचा हट्ट आहे. प्रभूची इच्छा होती, म्हणतात, आपला वधस्तंभ आपण वाहायचा.

मावशी, खरं कोणाचं? देवही रडतच असेल तर मला त्याचा उपयोग काय? आणि त्या दिवशी मी उभी राहू का?

— शरणपूर रोडवरची बहीण

*

उभी राहा. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण उत्तम शुक्रवार तोंडावर आला आहे आणि बाकीच्या प्रश्नांना वेळ लागेल.

राग मनात असताना कसं उभं राहायचं, असं तुला वाटतं. अगं, सात उद्गारांत त्या रागाला जागा असलेला उद्गार हा एकच, आणि तोच तुझ्याकडे आला आहे. मार्कचं शुभवर्तमान उघडून बघ. आपण चारही शुभवर्तमानांतले उद्गार गोळा करून एका दुपारी ऐकतो, म्हणून एक गोष्ट नजरेतून सुटते. लूककडे तीन उद्गार आहेत, योहानाकडे तीन. मत्तय आणि मार्क यांच्याकडे हा एकच. मार्कचा येशू वधस्तंभावरून दुसरं काहीच बोलत नाही. क्षमेचं नाही, आईला कोणाच्या हवाली करणं नाही, "पूर्ण झाले" नाही. एकच हाक, तीही मायबोलीत. मार्क सगळं ग्रीक भाषेत लिहितो, पण इथे येऊन अरामी शब्द तसेच ठेवतो : एलोई, एलोई, लमा सबख्थनी. ज्यांनी ती हाक ऐकली त्यांच्या कानांतून ती गेली नसावी, असं मला दर वेळी वाचताना वाटतं.

आणि त्या हाकेला उत्तर येत नाही. यार्देन नदीत येशूचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आकाशातून वाणी झाली होती. डोंगरावर त्याचं रूप पालटलं तेव्हाही झाली होती. इथे दुपारी तीन तास अंधार पडतो आणि वाणी होत नाही. येशूनं प्राण सोडल्यावर त्या मौनात पहिला बोलतो तो परका रोमी शताधिपती.

कोणीतरी तुला सांगेल की ही ओळ बाविसाव्या स्तोत्राची आहे आणि ते स्तोत्र शेवटी स्तुतीकडे वळतं, म्हणजे येशूच्या मनात खरं तर आशाच होती. स्तोत्र वळतं हे खरं आहे. पण ३१ वचनांच्या त्या स्तोत्रात वळण यायला विसाच्या पुढे जावं लागतं. त्याआधी पाण्यासारखं ओतलं जाणं आहे, हाडं निखळणं आहे, टाळूला चिकटलेली जीभ आहे. तू पहिल्या वचनावर उभी आहेस. दीड वर्षात विसाव्या वचनापर्यंत पोहोचलीच पाहिजे असं तुला कोणी म्हणू लागलं, तर त्याचं ऐकू नकोस.

आणि प्रार्थना केली नाही म्हणतेस, त्याबद्दल एवढंच सांगते. "तू कुठे होतास?" हे तू रोज मनात विचारतेस ना? कोणाला विचारतेस? येशूनंही त्या घटकेला हेच विचारलं, आणि विचारताना "माझ्या देवा" म्हणणं सोडलं नाही. आपल्या जवळच्या जलालपूरला जन्मलेल्या आणि नाशिकलाच डोळे मिटलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे' तुझ्या घरात असेलच. १८९५ साली नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतला तेव्हाचा स्वतःचा आकांत त्या बाईनं जसाच्या तसा मांडला आहे. पुढे विश्वास धरला म्हणून मागचा आकांत पुसून टाकला नाही.

आता पप्पा आणि मोल्टमान.

पप्पांना जुनाट ठरवू नकोस. "देव निर्विकार आहे" ही त्यांच्या मनची समजूत नाही. शरणपूर वसवलं ते चर्च मिशनरी सोसायटीनं, म्हणजे अँग्लिकन लोकांनी. त्या चर्चच्या १५७१ सालच्या एकोणचाळीस कलमांतलं पहिलंच कलम म्हणतं की देवाला देह नाही, अवयव नाहीत, विकार नाहीत. १९७० साली आपण चर्च ऑफ नॉर्थ इंडियात एकत्र आलो, तरी मागच्या पिढीच्या कानांत ते शब्द मुरलेले आहेत. आणि ही शिकवण त्याहून कितीतरी जुनी आहे. पहिल्या शतकांतले ख्रिस्ती लोक ज्या जगात राहत होते तिथले देव रुसायचे, जळायचे, भुलायचे, रागाच्या भरात माणसांची धूळधाण करायचे. त्या जगात "आमचा देव निर्विकार आहे" म्हणणं म्हणजे "त्याची प्रीती सकाळी एक आणि संध्याकाळी एक अशी नसते" असं म्हणणं होतं. निर्विकार म्हणजे निष्ठुर, असा अर्थ त्यांनी कधी घेतला नाही. तो आपण नंतर घेतला.

पण पप्पांचं वाक्य एका जागी लंगडं पडतं. "दुःख भोगलं ते मानवी देहानं" हे बरोबर. मात्र तो देह कोणाचा? देव वर अलिप्त बसला आणि खाली एक माणूस मेला, असं चर्चनं कधीच म्हटलं नाही. यावर मोठी भांडणं झाली. ४३१ साली इफिसच्या धर्मसभेत ख्रिस्ताचे असे दोन वेगळे भाग पाडणं नाकारलं गेलं. ५५३ साली कॉन्स्टँटिनोपलच्या सभेनं तर स्पष्ट म्हटलं की जो देहानं वधस्तंभावर खिळला गेला तो पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा या त्रैक्यापैकीच एक आहे. दुःख देहात झालं, पण ते भोगणारा देवाचा पुत्र होता. हे पप्पांना सांगितलंस तर ते नाकारतील असं मला वाटत नाही. त्याचं मूळ ते उपासनेत म्हणतात त्या विश्वासांगीकारातच आहे.

मोल्टमान याच्या एक पाऊल पुढे जातात. ते पाऊल त्यांनी का टाकलं हे कळायला त्यांचं आयुष्य थोडं ठाऊक हवं. युर्गेन मोल्टमान यांचा जन्म १९२६ चा, हॅम्बुर्गचा. घरी देवाधर्माचं फारसं काही नव्हतं. सतराव्या वर्षी त्यांना विमानविरोधी तोफेवर कामाला लावलं. जुलै १९४३ मध्ये ब्रिटिश आणि अमेरिकी विमानांनी हॅम्बुर्ग जाळलं, सुमारे ४०,००० माणसं गेली. शेजारी उभा असलेला मित्र बॉम्बनं छिन्नविच्छिन्न झाला आणि ह्यांना काही झालं नाही. त्या रात्री आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी देवाला हाक मारली, आणि ती "देवा, तू कुठे आहेस?" अशी होती. पुढे ते ब्रिटिशांचे युद्धकैदी झाले. छावणीत कोणा लष्करी पाळकानं हातात बायबल दिलं. आधी विलापाची स्तोत्रं वाचली, मग मार्क. आणि तुला दिलेल्या त्याच उद्गारापाशी ते थबकले. मला समजून घेणारा कोणीतरी इथे आहे, असं त्यांना तिथे वाटलं. १९७२ साली त्यांचं 'क्रुसावर खिळलेला देव' या अर्थाच्या नावाचं जर्मन पुस्तक आलं, ते या छावणीतल्या वाचनाला फुटलेलं फळ आहे. २०२४ च्या जूनमध्ये ते गेले.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. ज्याला दुखूच शकत नाही त्याला प्रीतीही करता येत नाही. वधस्तंभावर पुत्र मरण सोसतो, आणि पिता पुत्राचं मरण सोसतो. दोघांचं दुःख एकसारखं नाही. मरणाऱ्याचं दुःख त्याच्या मरणाबरोबर संपतं, ज्याचा मुलगा मेला त्याचं मागे उरतं.

हे वाक्य लक्षात ठेव, मी त्याकडे परत येणार आहे.

ते एकटे नव्हते. जपानमध्ये काझो किटामोरी यांनी १९४६ साली, देश बेचिराख झालेला असताना, 'देवाच्या वेदनेचं ईश्वरविज्ञान' मांडलं. त्यांनी बोट ठेवलं ते यिर्मयाच्या ३१ व्या अध्यायातल्या २० व्या वचनावर. तिथे देव बहकलेल्या एफ्राइमाची, म्हणजे लेकरासारख्या इस्राएलाची, आठवण काढतो, आणि मूळ हिब्रू शब्द पोटातल्या आतड्यांचा आहे. आजचे बरेच इंग्रजी भाषांतरकार तिथे "हृदय" वगैरे म्हणून वेळ मारून नेतात. आपल्याला ती गरज नाही. लेकरासाठी आतडं तुटतं, असं आपली कोणतीही आई म्हणते. आणि डीट्रिख बोनहॉफर यांनी नाझींच्या तुरुंगातून जुलै १९४४ मध्ये मित्राला लिहिलं की मदत करू शकतो तो फक्त दुःख सोसणारा देवच. पुढच्या एप्रिलमध्ये त्यांना फाशी दिलं गेलं.

मराठी माणसाला हे परकं वाटायला नको. चोखोबांची ती कथा तू ऐकली असशील. बडव्यानं चोखोबांच्या थोबाडीत मारली आणि देवळात जाऊन बघतो तो विठ्ठलाचा गाल सुजलेला. ही भक्तांची कथा आहे, तिच्यातून सिद्धांत काढायचा नसतो, आणि गुलगुथा, म्हणजे येशूला खिळलं ती जागा, वेगळी आहे हे मी जाणते. पण भक्ताला बसलेली थप्पड देवाच्या गालावर उठते, हे या मातीतल्या माणसानं कधीच ओळखलं होतं. त्याला ते पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

आता तुझा खरा प्रश्न. देवही रडत असेल तर उपयोग काय? हा प्रश्न अश्रद्धेचा नाही. कार्ल राहनर हे विसाव्या शतकातले फार मोठे कॅथलिक विचारवंत, त्यांनी मोल्टमान यांना जवळजवळ हाच टोला दिला होता. मी गाळात रुतलो आहे, आणि देवाचेही पाय त्याच गाळात माझ्यासारखेच रुतलेले असतील, तर मला बाहेर कोण काढणार? असा त्यांचा सवाल होता. पप्पांचं "जग कोण चालवणार" हे त्याचंच घरगुती रूप आहे.

मला विचारशील तर राहनर आणि पप्पा अर्धे बरोबर आहेत. माणसाला दुःख पकडतं, तो त्यातून सुटू शकत नाही. देवाचं दुःख असं असेल तर खरंच उपयोग नाही. पण शास्त्रात दिसतं ते तसं नाही. येशूचा मित्र लाजर मेला, त्याच्या कबरेपाशी योहान एवढंच लिहितो, "येशू रडला." रडणारा येशू हतबल नाही. काही क्षणांनी तोच लाजराला हाक मारून बाहेर बोलावणार आहे, आणि हे ठाऊक असूनही तो आधी रडतो. घाईनं चमत्काराकडे जात नाही. देव दुःखात सापडलेला नाही, तो दुःखात उतरला आहे. स्वतःच्या पायांनी उतरणाऱ्याच्या हाताला बळ असतं. आणि शुक्रवारवर गोष्ट थांबली असती तर राहनर पूर्ण जिंकले असते, हेही मान्य करते. पण पुनरुत्थानानंतर येशूनं थोमा या शिष्याला काय दाखवलं? हातांतले खिळ्यांचे वण. उठलेल्या देहावर ते भरून आले नव्हते. देव आपलं दुःख पुढे सरलं म्हणून मागे टाकत नाही, यापेक्षा जास्त मला सांगता येत नाही. तुझ्या भावाचा प्रसंग तो "झालं गेलं" म्हणून मिटवणार नाही, एवढं यातून मी धरून चालते.

दाव्याबद्दल मात्र मी ठाम आहे. दावा मागे घेऊ नका.

"प्रभूची इच्छा" आणि "आपला वधस्तंभ" हे शब्द पप्पांनी दुःखाच्या भरात वापरले असतील, पण ते चुकीच्या जागी वापरले. वधस्तंभ आकाशातून पडला नव्हता. त्यावर रोमी सुभेदार पिलाताचा हुकूम होता, शिपायांचे हातोडे होते, बघ्यांचा जमाव होता. विश्वासांगीकारात आपण दर रविवारी पिलाताचं नाव का घेतो? ते मरण कोणाच्या तरी निर्णयानं झालं, हे विसरू नये म्हणून. तुझ्या भावाचं मरण हे रात्री डंपर दिव्यांविना रस्त्यात सोडण्यामुळे झालं. त्याला "देवाची इच्छा" म्हटलं की डंपरवाला सुटतो आणि आरोप देवावर जातो. मोल्टमान यांच्यावर डोरोथी झ्योले या जर्मन विदुषीनं १९७३ साली याच मुद्द्यावर टीका केली होती. पिता पुत्राला मरणाच्या हवाली करतो असं फार जोर देऊन बोललं की देव दुःख देणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो, असं तिचं म्हणणं. मला ती टीका पटते. वधस्तंभावरचा देव खिळे ठोकणाऱ्यांच्या बाजूला नाही. आपल्याकडे अरविंद निर्मळ यांनी १९८० च्या दशकात दलित ईश्वरविज्ञान उभं केलं, तेही याच पायावर. तुडवलेल्यांचं दुःख देव स्वतःचं मानतो, आणि म्हणून ते दुःख गुपचूप सोसण्याचा माल राहत नाही.

येशूनं वधस्तंभ उचलायला सांगितला तो ज्याचा त्यानं, स्वखुशीनं. तीन वर्षांच्या पोरीच्या खांद्यावर तो कोणी ठेवायचा नसतो. दाव्यातले पैसे वहिनीचे आणि त्या लेकराचे आहेत, आजोबांनी ते माफ करून टाकायचे नसतात. सही कोणाची लागते, कोणाचा काय वाटा, हे वकिलांना नीट विचार, आणि वहिनीला सोबत घेऊन जा. आतापर्यंत तिचं काय मत आहे हे तुझ्या पत्रात कुठेच आलेलं नाही.

आणि आता ते वाक्य. ज्याचा मुलगा मेला त्याचं दुःख मागे उरतं.

तुझ्या पत्रात पप्पा पंच आहेत, हट्टी आहेत, ताटावरून उठणारे आहेत. त्यांचा मुलगा गेला आहे हे तू एकदाही लिहिलं नाहीस. तू लिहिलंस "माझा भाऊ". देवबाप दुःखी होतो का, हा वाद तुमच्या जेवणाच्या टेबलावर एक बाप आणि त्याची लेक यांच्यात झाला, आणि त्या बापानं दीड वर्षापूर्वी मुलाला माती दिली आहे. "देवबापच रडायला लागला तर" असं ते म्हणाले, तेव्हा ते देवाविषयीच बोलत होते का? मी पंच असलेली कितीतरी माणसं पाहिली आहेत. मयताच्या घरी सगळ्यांना धीर द्यायचा, गीत सुरू करायचं, कबरस्तानात उभं राहायचं, ही त्यांची जागा ठरलेली असते. त्यांच्या घरी मयत झालं की त्यांना धीर द्यायला कोणी येतच नाही. सगळे म्हणतात, ते खंबीर आहेत. निर्विकार देव ही अशा माणसाची टेकायची भिंत असते. ती तू वादात पाडू नकोस. त्यांना मोल्टमान वाचून दाखवू नकोस, मामेभावालाही मध्ये आणू नकोस.

उत्तम शुक्रवारी दहा मिनिटं बोल, जास्त नाही. मार्कच्या पंधराव्या अध्यायातलं ३३ ते ३९ वाच. मग बाविसाव्या स्तोत्राची पहिली दोन वचनं. भावाचं नाव घे, तो कसा गेला ते दोन वाक्यांत सांग, दिवे न लावलेला डंपर त्यात येऊ दे. मला अजून उत्तर मिळालेलं नाही, असं म्हणायचं असेल तर म्हण. शेवट गोड करू नकोस, तुझ्यामागून पाचवा, सहावा आणि सातवा उद्गार आहेत, ती माणसं त्यांचं बघतील. रडू आलं तर थांब. दुपारच्या त्या उकाड्यात, पंखे घरघरत असताना, लोक थांबतील. नकोच वाटलं तर आदल्या दिवशीही पाळकसाहेबांना फोन करून नाही म्हण, त्यात प्रभूला नकार नाही.

पण त्याआधी एक काम कर. "सबख्थनी" हा शब्द जिभेवर नीट बसत नाही, घाईत त्याचा चुथडा होतो. पप्पांनी वीस वर्षांत हा पाठ मंडळीसमोर कितीदा तरी वाचला असेल. एका संध्याकाळी पवित्र शास्त्र घेऊन त्यांच्याजवळ बस आणि म्हण, पप्पा, हे कसं वाचायचं ते मला एकदा मोठ्यानं वाचून दाखवा.